वस्तु आणि तिचें प्रकरण

मनुष्य समाजाचा घटक म्हणून जें जें मिळवितो, ज्ञान, समजुती, कला, नीति, चालीरीति, त्या सर्वांचा एकांत एक गुंतलेला समुच्चय म्हणजे संस्कृति, अशी व्याख्या टायलर यांनीं १८७१ मध्यें केली. या ‘गुंतलेल्या’पणाचा खरा कस लागला तो १८८७ मधील एका वादांत. वाद वस्तुसंग्रहाचा होता, म्हणून तो आमच्या संग्राहक वाचकांपुढें मांडीत आहों.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत ओटिस मेसन यांनीं नाना जमातींचीं वाद्यें एका ठिकाणीं, हत्यारें दुसऱ्या ठिकाणीं, अशी मांडणी केली होती. समान कारणांचें कार्य समान, हा त्यांचा आधार. जर्मनींतून आलेले तरुण फ्रान्झ बोआस यांनीं ‘सायन्स’ नियतकालिकांत आक्षेप घेतला, कीं समान कार्य भिन्न कारणांपासूनहि होतें. एके ठिकाणचा खुळखुळा पोराच्या करमणुकीसाठीं, दुसरीकडचा भूतपिशाच्च पळविण्यासाठीं. म्हणून प्रत्येक जमातीच्या वस्तु एकत्र ठेवाव्या.

न्याय शिकलेल्यास हें परकें वाटूं नये. कार्यावरून कारण काढणारें शेषवत् अनुमान किती जपून करावें लागतें! ‘सैंधव’ म्हटलें कीं जेवतांना मीठ, प्रवासास निघतांना घोडा. प्रकरण काढून घेतलें कीं शब्द मुका. मात्र ‘आमच्या शास्त्रांत हें सर्व होतेंच’ असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. तेथें विचार शब्दाच्या अर्थाचा होता. देव्हाऱ्यांतील टाकाचा किंवा माजघरांतील डबीचा नव्हता.

आम्हीं स्वतः तीस वर्षांपूर्वीं एका वाड्यांतील रुमाल सोडून पोथ्या विषयवार लाविल्या. व्रतकथेच्या पोथींत एक औषधाचा कागद होता. तो मोठ्या समाधानानें ‘वैद्यकां’त घातला. तो कोणाच्या दुखण्याचा, त्या व्रताशीं त्याचा काय संबंध, किंबहुना ती पोथी कोणती, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं.

तथापि बोआस यांचें मत सर्वस्वीं ग्राह्य नव्हे. एका ग्रंथाच्या दहा प्रती दहा रुमालांत विखुरलेल्या राहिल्या तर पाठभेद कोण पाहणार? मेसन यांची रचना यादींत खुशाल असावी. रुमाल मात्र सांपडला तसाच, गांव, घर व कोनाडा यांच्या नोंदीसह, पुन्हा बांधून ठेवावा.