रजा मिळते, पण काम बदलून मिळतं का?

आमच्या लॅबमधल्या एका सीनियरने चौथा महिना लागेपर्यंत कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तोवर ती इन सिटू हायब्रिडायझेशनसाठी फॉर्मामाइडचे बफर स्वतःच बनवत होती. फॉर्मामाइडच्या सेफ्टी डेटा शीटवर दुसऱ्याच भागात एच३६० असतं, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो असा इशारा. नंतर मी तिला विचारलं, "ताई, आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, रजा घे. मला रजा नको होती गं. तेवढं बफरचं काम काही महिने दुसऱ्या कुणी केलं असतं तरी पुरलं असतं."

तिचं ते बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून मी कायदाच उघडून बसले. रिसर्च पेपर वाचतो तसा वाचला: तो कुणाला लागू आहे, कधीपासून लागू आहे आणि नेमका शब्द काय वापरलाय. पीएचडीला येणार असाल तर कुठलाही नियम असा वाचायची सवय आत्तापासून लावून घ्या.

आधी जमेची बाजू. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा रजेच्या बाबतीत खरंच उदार होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. या रजेवर असताना बाईला कामावरून काढता येत नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते.

आता कलम ४ बघा. त्यात म्हटलं होतं की गरोदर बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं, फार वेळ उभं राहायचं किंवा गर्भाच्या वाढीत अडथळा आणेल असं काम देता येणार नाही. वाचून बरं वाटतं. पण हे कधी लागू? प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे धरा आणि त्याच्या आधीचा एक महिना. त्या सहा आठवड्यांतही ती रजेवर नसेल तरच.

गणित करून बघा. ४० आठवड्यांच्या गर्भारपणात हे संरक्षण साधारण तिसाव्या आठवड्याला सुरू होतं. बाळाचे बहुतेक अवयव मात्र पहिल्या तीन महिन्यांतच आकार घेतात. म्हणजे कायदा 'गर्भाच्या वाढी'चं नाव घेतो, पण रसायनांचा धोका सगळ्यात जास्त असतो तो काळ सोडूनच देतो. २०१७ मध्ये प्रसूतीपूर्व रजा सहावरून आठ आठवड्यांवर गेली, तेव्हाही हे कलम तसंच राहिलं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही मुदत तशीच उतरली आहे.

आणि तुमचं-माझं काय? फेलोशिपवरच्या विद्यार्थिनीला सहसा 'कर्मचारी' धरतच नाहीत. आपल्याला लागू होतात ते यूजीसीचे पीएचडीचे नियम. २०१६ आणि २०२२, दोन्ही नियमांत २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. पण शब्द आहे 'देता येईल'. 'द्यावी लागेल' असा नाही. काम बदलून देण्याविषयी तर त्यात अक्षरही नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. आपले नियम गर्भारपणाकडे कामावरची गैरहजेरी म्हणून बघतात. हजर राहून काम करणाऱ्या बाईचा विचार त्यांत फार उशिरा येतो, किंवा येतच नाही.

दुसरी पद्धत असू शकते का? युरोपचा १९९२ चा निर्देश ९२/८५ बघा. त्यात पायऱ्या ठरवून दिल्यात. मालकाने आधी धोका तपासायचा, मग कामाची परिस्थिती किंवा वेळ बदलायची, ते जमत नसेल तर दुसरं काम द्यायचं, आणि तेही शक्य नसेल तरच रजा. अमेरिकेत जून २०२३ पासून लागू झालेला कायदा तर म्हणतो की दुसरी वाजवी सोय करता येत असेल तर बाईवर रजा लादता येणार नाही. (तो १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणीच लागू होतो, हेही लक्षात ठेवा.)

फार लांब जायलाही नको. आपल्याकडे किरणोत्सर्गाच्या कामात अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: गरोदरपण कळवल्यापासून गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. यात तिला घरी पाठवायचं नाहीये, तिचं काम त्या मर्यादेत बसवायचंय. फॉर्मामाइडच्या बाटलीसाठी असा विचार का करता येऊ नये?

एक गोष्ट मात्र जपायला हवी. संरक्षणाच्या नावाखाली दार बंद करणंही सोपं असतं. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीने मूल होऊ शकेल अशा सगळ्याच बायकांना शिशाच्या कामावरून दूर ठेवलं होतं. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. म्हणून आपल्या कलम ४ मधली 'तिने मागणी केली तर' ही अट मला योग्यच वाटते. बदलायला हवी ती मुदत, आणि ती मागणी करता येईल असं वातावरण.

लॅब निवडताना आपण गाइडचे पेपर बघतो, फंडिंग विचारतो. त्यासोबत हेही विचारा: इथे कुणी गरोदर असेल तर कुठली कामं दुसरीकडे देता, आणि ते कुठे लिहिलेलं आहे का? मुलांनीही विचारा. ते बफर तेव्हा तुम्हालाच बनवायचे असतील. आमच्या लॅबमध्ये आता फ्रिजच्या दारावर एच३६० वाल्या रसायनांची यादी लावली आहे, आणि प्रत्येकापुढे ते काम घेऊ शकणाऱ्या दोघांची नावं. एका दुपारचं काम होतं. ताई होती तेव्हाही झालं असतं.