हरवलेल्या नोंदींचा हिशेब

कळफलकावर आपण कळ दाबतो आणि पडद्यावर अक्षर उमटते. या दोन क्रियांच्या मध्ये एक छोटा साठा असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कळ दाबली जाते तेव्हा प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असू शकतो, म्हणून आलेली नोंद काही काळ ठेवून द्यावी लागते. या साठ्याला बफर म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कळफलक, माऊस, स्पर्शपडदा यांच्या नोंदी प्रोग्रॅमपर्यंत पोचवण्याचे काम ‘ईव्हीडेव्ह’ हा ड्रायव्हर करतो. २०१० आणि २०११ मध्ये त्याच्या बफरच्या रचनेत आणि लिहिणे-वाचणे यांचा मेळ घालण्याच्या पद्धतीत बदल झाले. त्यांचे गुणदोष तपासण्याजोगे आहेत.

आधीची रचना अशी होती. प्रत्येक वाचक प्रोग्रॅमसाठी ६४ घरांचे एक वर्तुळ. लिहिणारा आपली खूण पुढे सरकवत जातो, वाचणारा आपली. दोन्ही खुणा एका घरावर आल्या म्हणजे साठा रिकामा, असा संकेत. वर्गात आठ खुर्च्या गोल मांडून हे करून पाहा. एक विद्यार्थी प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी ठेवत जाईल, दुसरा मागून उचलत जाईल. आता दुसऱ्याला जागीच उभे करा. पहिला आठही खुर्च्या भरून पुन्हा मूळ जागी येतो. दोघे एकाच खुर्चीपाशी! संकेतानुसार साठा रिकामा. प्रत्यक्षात तो काठोकाठ भरलेला. जुन्या ड्रायव्हरमध्ये नेमके हेच घडत असे. ६४ नोंदी एकदम नाहीशा होत आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नसे.

साध्या कळफलकाच्या बाबतीत असा प्रसंग क्वचितच येई. अनेक बोटे ओळखणाऱ्या पडद्यांनी गणित बदलले. एका बोटाच्या चार नोंदी धरल्या तर दहा बोटांच्या ४०, आणि ‘संच संपला’ असे सांगणारी एक, मिळून ४१. ६४ घरांत असे दोन संचही मावत नाहीत.

पहिला बदल आकाराचा. एका संचात साधारण किती नोंदी असतील ते उपकरणाच्या ड्रायव्हरने सांगावे. त्याच्या आठपट घरे ठेवावीत, ६४ पेक्षा कमी नाहीत, आणि ती संख्या दोनच्या पुढच्या घातापर्यंत वाढवावी. ४१ × ८ = ३२८, म्हणून ५१२ घरे. संख्या दोनचा घात असली की वर्तुळाच्या सुरुवातीला परत येण्यासाठी भागाकार लागत नाही. द्विमान अंकांवरच्या एका सोप्या क्रियेने काम होते. बदल योग्य आहे, पण पुरेसा नाही. साठा कितीही मोठा केला तरी वाचक थांबून राहिला तर तो भरणारच.

दुसरा बदल मेळ घालण्याचा. पूर्वी एखादी नोंद आली की लगेच वाचकाला जाग येई, मग संच अर्धवट का असेना. आता ‘संच संपला’ ही नोंद येईपर्यंत वाचकाला उठवले जात नाही. व्यर्थ हेलपाटे वाचले.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. मे २०११ मध्ये आलेल्या २.६.३९ या आवृत्तीपासून साठा भरून वाहिला की न वाचलेल्या जुन्या नोंदी टाकून दिल्या जातात आणि त्यांच्या जागी ‘नोंदी गळाल्या’ अशी एक खूण ठेवली जाते. ती दिसली की वाचकाने पुढचा संच संपेपर्यंतचे सारे सोडून द्यावे आणि उपकरणाची सद्यःस्थिती विचारून घ्यावी. समजा, शिफ्ट कळ दाबल्याची नोंद पोचली आणि सोडल्याची गळाली. पूर्वी प्रोग्रॅम शिफ्ट दाबलेलीच समजत राही. आता तो विचारू शकतो आणि चूक दुरुस्त करू शकतो.

तरीही दोन आक्षेप उरतात. एक, स्थिती विचारून स्थितीच कळते, इतिहास कळत नाही. गळतीच्या काळात एखादी कळ दाबून सोडलीही गेली असेल, तर ती कायमची हरवली. दोन, जबाबदारीचा मोठा भाग वाचक प्रोग्रॅमवर आला. ज्याने ही खूण पाहण्याची तसदी घेतली नाही, त्याच्या दृष्टीने नुकसान पूर्वीइतकेच गुपचूप होते. शिवाय असा प्रसंग विरळा असल्यामुळे ही चूक नेहमीच्या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी मुद्दाम मंद केलेला वाचक लावूनच परीक्षा घ्यावी लागते.

हे दोष मान्य करूनही तिसऱ्या बदलाला पहिल्यापेक्षा जास्त गुण द्यावे लागतील. मोठ्या साठ्याने गळती कमी होते. खुणेने गळती झाल्याचे कळते. प्रयोगवहीत एखादे वाचन घ्यायचे राहिले तर ती जागा कोरी सोडून ‘वाचन घेतले नाही’ असे लिहा, असे आपण मुलांना सांगतो. तिथे अंदाजाचा आकडा भरला की पुढचे सारे निष्कर्ष संशयास्पद ठरतात. ड्रायव्हरलाही हाच नियम लागू आहे. आठ खुर्च्यांचा खेळ पुन्हा खेळताना एक लाल चिठ्ठी जवळ ठेवा आणि ती कोणी, केव्हा, कुठे ठेवायची याचा नियम मुलांनाच ठरवू द्या.