मुसके, मुखपट्टी आणि मास्क

टीकाकाराने पुस्तकांविषयी बोलावे असा आपल्याकडे संकेत आहे. दिवाळी अंकात तर वर्षभरातील कथा-कादंबऱ्यांचा हिशेब मांडण्याची रीतच पडून गेली आहे. परंतु २०२० ते २०२२ या काळात सर्वांत अधिक वाचले गेलेले मराठी लेखन कोणत्याही पुस्तकात नव्हते. नांदेडच्या वजिराबादेत ते दुकानांच्या दारांवर चिकटवलेले होते. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एकत्र येतात तेथे, ते फलकांवर लिहिलेले होते. ज्याने जन्मात कादंबरी हाती धरली नाही त्यानेही ती वाक्ये वाचली. एवढा वाचकवर्ग लाभलेल्या लेखनाची थोडी चिकित्सा करावी, असे मला वाटते. ते सर्व लेखन हातभर कापडाविषयी होते, आणि त्या कापडाने एक नैतिक प्रश्न आपल्यापुढे ठेवला होता. त्या प्रश्नाला आपल्या भाषेने काय उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे.

या लेखनाचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला हुकमाचा : मास्क नाही, प्रवेश नाही. दुसरा धाकाचा. मार्च २०२१ च्या शासकीय आदेशात सार्वजनिक ठिकाणी तोंड न झाकणाऱ्यास ५०० रुपये दंड सांगितला होता. मराठवाड्यातील अनेक मजुरांच्या दिवसाच्या कमाईहून ही रक्कम मोठी होती. तिसरा प्रकार जबाबदारीचा. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, आणि २१ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘मी जबाबदार’ ही दुसरी हाक आली. पहिल्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी दारोदार जाऊन घरातील माणसांचे तापमान व रक्तातील प्राणवायू तपासत. त्या कामासाठी ते वाक्य चपखल होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुढे ते मुखपट्टीच्या फलकांवरही जाऊन बसले, आणि तेथे त्याची मर्यादा उघडी पडली. कारण या कापडाचा खरा संबंध माझ्या कुटुंबाशी थोडा आणि समोरच्या अनोळखी माणसाशी अधिक असतो.

तो कसा, हे समजण्यासाठी १८९७ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षी प्लेगच्या भयाने इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला. त्याच वर्षी पुण्यात सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या आणि त्यातूनच २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्याच १८९७ साली युरोपात, ब्रेस्लाऊ या शहरी, आणखी एक गोष्ट घडत होती. कार्ल फ्लुगे नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, साधे बोलतानाही माणसाच्या तोंडून सूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांत रोगजंतू असू शकतात. त्याच शहरातील शल्यवैद्य मिकुलिच याने मग शस्त्रक्रिया करताना तोंडाला जाळीदार कापड बांधण्यास आरंभ केला. डॉक्टरने ते बांधले ते रोग्याच्या उघड्या जखमेत आपल्या तोंडचा तुषार पडू नये म्हणून.

कोरोनाच्या साथीत हाच विचार रस्त्यावर आला. ज्याला ताप नाही, खोकला नाही, असाही माणूस हा रोग दुसऱ्यापर्यंत नेऊ शकत होता. तोंडातून निघालेला थेंब ताजा असतो तेव्हा मोठा असतो, कापडात अडकतो. तोच हवेत सुकून बारीक झाला की समोरच्याच्या साध्या कापडातून सहज आत शिरतो. म्हणून साधी मुखपट्टी बांधणाऱ्यापेक्षा समोरच्याच्या अधिक उपयोगी पडते. एकाच सालाने आपल्याला कायदाही दिला आणि कापडही दिले. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला तो तोच, १८९७ चा. आपल्या फलकांनी भाषा उचलली ती त्या कायद्याची. कापडाची भाषा त्यांना साधली नाही.

याला आपली मराठीही थोडी कारण आहे. तोंड झाकणे ही आपल्याकडे मानाची गोष्ट नाही. अपराधी तोंड लपवतो, नामुष्की आली की तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि ज्याला मुकाट्याने सोसावे लागते त्याला तोंड बांधून बुक्क्यांचा मार मिळतो. खेड्यांत तर मास्कचे नामकरण ‘मुसके’ असे झाले. मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसके. त्या थट्टेत मोठी मार्मिक टीका होती. मुसके दुसरा बांधतो, धन्याच्या फायद्यासाठी बांधतो, आणि बैलाला कोणी विचारत नाही. पोलीस दिसताच नाकावर चढणारा आणि तो वळताच हनुवटीवर उतरणारा मास्क हा खरोखर मुसकेच होता. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या झळांपासून वाचण्यासाठी आपले लोक तोंडाला रुमाल, उपरणे आवळून बांधतातच, स्कूटरवरच्या मुली ओढणीने सारा चेहरा झाकतात. तोंड झाकण्याची सवय होती. दुसऱ्यासाठी झाकण्याची नव्हती.

वर्तमानपत्रांनी मात्र ‘मुखपट्टी’ हा शब्द रूढ केला. स्थानकवासी जैन साधू-साध्वी तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधतात. आपल्या उष्ण श्वासाने हवेतील जिवांना इजा होऊ नये, ही त्यामागची धारणा. त्या धारणेचा आणि जंतुशास्त्राचा संबंध नाही, तो ओढूनताणून जोडूही नये. परंतु आपल्या श्वासाने दुसऱ्याला इजा होऊ शकते, हा विचार शेकडो वर्षे आपल्यात पांढऱ्या वस्त्रानिशी चालत आला आहे. फलक लिहिणाऱ्यांच्या हाती एवढा अर्थपूर्ण शब्द होता, आणि तो त्यांनी दंडाच्या आकड्याशेजारी मांडला.

व्याकरणाची गोष्ट याहून खोल आहे. मराठीत रोग ‘येतो’, ‘होतो’, ‘लागतो’. ‘मला लागण झाली’ असे आपण म्हणतो. ‘मी लागण केली’ असे कोणी म्हणत नाही. रोग घेणारा वाक्यात असतो, देणारा नसतो. आणि देणारा शोधायचाच झाला तर तो नेहमी दुसरा असतो. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबातून आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडला हजूर साहिबच्या परिसरात अडकून पडले होते. एप्रिलच्या अखेरीस ते गावी परतू लागले तेव्हा त्यांच्यातील शेकडो जण बाधित निघाले, आणि रोग नांदेडात लागला, वाटेत लागला, की तिकडे गेल्यावर, यावर दोन्ही राज्यांत वाद पेटला. त्या वादात प्रत्येकाला देणारा दिसत होता, आणि तो आपण नव्हे एवढे प्रत्येकाला नक्की ठाऊक होते. आपण नकळत देणारे असू शकतो, ही कबुली ज्या वस्तूत आहे अशी मुखपट्टी ही एकच वस्तू त्या काळी प्रत्येकाच्या खिशात होती.

येथे कोणी विचारील की, शब्द बदलून काय झाले असते? प्रश्न रास्त आहे. बांगलादेशात २०२०-२१ साली सहाशे खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या, वडीलधाऱ्यांनी आणि इमामांनी स्वतः बांधून दाखवल्या, उघड्या तोंडाने दिसणाऱ्याला कोणीतरी थांबवून सौम्यपणे आठवण दिली. मुखपट्टी बांधणारे सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि रोगाचे प्रमाणही बेताने पण निश्चित घटले. मात्र ‘दुसऱ्यासाठी बांधा’ असे आवाहन केल्याने वेगळी भर पडली नाही. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाला हा निष्कर्ष नम्र करणारा आहे.

परंतु नांदेडकराला त्याचे नवल वाटू नये. गुरुद्वाऱ्यात जाणारा कोणत्याही धर्माचा माणूस डोके झाकतो. तेथे दंड नाही, ‘मला काय फायदा’ असे कोणी विचारीत नाही. ज्याच्याजवळ कापड नसेल त्याला रुमाल मिळतो, कोणी सेवादार खुणेने आठवण करतो, आणि आजूबाजूची सारी डोकी झाकलेली असतात. मुखपट्टीलाही हेच हवे होते : हाती दिलेले कापड, आठवण करणारा माणूस, आणि स्वतः बांधणारी वडील मंडळी. कायद्याने पावती दिली. कापड ज्याने त्याने आपले आणावे. ज्यांना ओठ पाहूनच बोलणे समजते त्या कर्णबधिरांचा विचार तर हुकमाच्या भाषेला शिवलाही नाही.

मग शब्दांचे काम काय? सवय माणसे लावतात. सवय सुटल्यावर मागे काय उरते, ते शब्द ठरवतात. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, सक्ती उठली. ज्याच्या मनात मुसके होते तो त्या दिवशी सुटला, आणि त्याच्यापाशी काहीच शिल्लक राहिले नाही. शासनाच्या त्या गाजलेल्या वाक्यात मी एकच शब्द बदलला असता : ‘माझा श्वास, माझी जबाबदारी.’ कुटुंबाला कुंपण असते, श्वासाला नसते. साथ गेली तरी हे वाक्य जुने होत नाही. क्षयाचा रोगी, सर्दी झालेले पोर, दवाखान्याच्या बाकावर खोकत बसलेला म्हातारा, सगळ्यांना ते लागू पडते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरे पाहुण्यांनी भरलेली असतील. फराळाच्या ताटाभोवती आजी असेल, चार महिन्यांचे बाळ असेल, आणि कोणीतरी नाक ओढत, ‘किरकोळ सर्दी आहे’ म्हणत बसलेला असेल. त्याला दंड करणारे आता कोणी नाही. त्याने आपण होऊन तोंडाला रुमाल लावला, तर त्याला हसू नये आणि ‘भितोस काय’ असेही म्हणू नये. तो स्वतःसाठी भ्यायलेला नसतो.