इशारा वाचला जातो, पण पोचतो का? हवामानाचा अंदाज आणि आपली सार्वजनिक कामं



आजचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं पूल, मोऱ्या आणि हवामान खात्यावर काय बोलायचं? आमचं म्हणणं असं की हा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा आहे, तितकाच ज्ञानाचाही आहे. एखादी गोष्ट आपल्याला ‘कळली’ असं केव्हा म्हणायचं? न्यायदर्शनात वात्स्यायनानं याचं एक उत्तर दिलंय. प्रमाणानं वस्तूचं ज्ञान होतं, ज्ञानातून प्रवृत्ती होते, आणि ती प्रवृत्ती यशस्वी झाली की प्रमाण खरं ठरतं. म्हणजे ज्ञान कृतीपर्यंत गेलं पाहिजे. तिथवर न जाणारं ज्ञान ही नुसती बातमी.

आमचा आजचा आक्षेप एका वाक्यात सांगायचा तर, सरकारचा हवामान अंदाज सरकारच्याच बांधकामांपर्यंत बातमी म्हणून पोचतो, ज्ञान म्हणून पोचत नाही.

आधी खात्याला न्याय देऊ. भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं होतं, पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसानं दगा दिला. त्या आपत्तींतून ही संस्था उभी राहिली. आज तिच्याकडून आपल्याला एक नव्हे, अनेक मुदतींचे अंदाज मिळतात. एप्रिलमध्ये संपूर्ण मोसमाचा, दर आठवड्याला पुढच्या काही आठवड्यांचा, रोज पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार, आणि रडारच्या आधारानं पुढच्या तीन तासांचा. ही वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी हत्यारं आहेत. सुताराच्या पेटीत करवत असते आणि रंधाही असतो. रंध्यानं लाकूड कापायला गेलं तर दोष रंध्याचा नाही.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. एप्रिलमध्ये ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ अशी बातमी येते आणि मान्सूनपूर्व बैठकांत जरा हायसं वाटतं. पण ती सरासरी कशाची? जून ते सप्टेंबर, संपूर्ण देशाची, सुमारे ८७ सेंटिमीटर. तुमच्या गावच्या ओढ्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. २००५ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या आसपासच होता. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आणि त्याच दिवशी कुलाब्याला? जेमतेम ७३-७४ मिलिमीटर. एका शहरात, एका दिवशी! तेव्हा मोसमाच्या आकड्यावरून गटाराचा निर्णय घेणं म्हणजे राज्याच्या दरडोई उत्पन्नावरून शेजाऱ्याच्या घरची चूल पेटली की नाही ते ठरवणं.

आता भाषेकडे वळू. बुलेटिनमध्ये ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता’ असं लिहिलेलं असतं. ऐकणारा काय ऐकतो? ‘तुरळक’. म्हणजे थोडासा पाऊस! खात्याच्या परिभाषेत मात्र ‘तुरळक’ हे पावसाचं विशेषण नाही, ते ठिकाणांचं आहे. त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, असा त्याचा अर्थ. पण जिथे पडेल तिथे ‘अति मुसळधार’, म्हणजे चोवीस तासांत साधारण ११६ ते २०४ मिलिमीटर. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. लालचा अर्थ ‘घाबरा’ असा नाही आणि पिवळ्याचा अर्थ ‘चालतंय’ असाही नाही. पण ‘कृती करा’ हे कुणाला सांगितलंय? कोणती कृती? इथेच वाक्य अपुरं राहतं. आपल्या सूचना बहुधा नागरिकांना उद्देशून असतात. काळजी घ्यावी, आवश्यकता नसल्यास बाहेर पडू नये, वगैरे. घरी बसा, हे सांगणं सोपं आहे हो. पण अर्धवट खोदलेला रस्ता घरी बसू शकत नाही. कालच टाकलेला मातीचा भराव घरी बसू शकत नाही.

याउलट शेतीकडे पाहा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याजिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात अंदाज असतो आणि त्याखाली पीकवार काय करायचं तेही असतं. फवारणी पुढे ढकला, काढलेला माल झाकून ठेवा, पाणी साचू देऊ नका. हा सल्ला किती शेतकऱ्यांपर्यंत पोचतो, हा वेगळा वादाचा मुद्दा. पण तिथे अंदाजाचं कृतीत भाषांतर करण्याची रीत तरी आहे. दोन एकरवाल्या शेतकऱ्याला जे सांगितलं जातं, ते कोट्यवधींची कामं काढणाऱ्या खात्यासाठी त्याच नियमितपणे, कामवार का निघू नये? स्लॅब आज ओतू नका, मोरीचं तोंड आधी मोकळं करा, खोदकामाच्या कडेला बांध घाला, असं.

ताजं उदाहरण घेऊ. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजी मुंबईत आला. नेहमीची तारीख ११ जून. केरळमध्ये तो २७ मेच्या आसपास, चार दिवस मागेपुढे, येईल असं खात्यानं १० मे रोजीच सांगितलं होतं आणि तो २४ मे रोजी आला. अंदाज आपल्या मर्यादेत बरोबर ठरला. केरळच्या तारखेवरून मुंबईची तारीख काढता येत नाही, हे मान्य. पण त्या आठवड्यात अरबी समुद्रात हवेच्या दाबाची उलथापालथ चालली होती आणि २४ तारखेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान कमी दाबाचं तीव्र क्षेत्र किनाऱ्याला लागलं होतं. हे काही गुपित नव्हतं. तरीही २६ तारखेला काय झालं? जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. ज्या प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं, तिथली पाणी अडवणारी भिंत कोसळली. पाऊस अफाट होता, यात वाद नाही. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. पण आमचा मुद्दा आकड्याचा नाही, पंचांगाचा आहे. आपली कामं कॅलेंडरवर चालतात. नालेसफाई ३१ मेपर्यंत, खोदकाम बंद ३१ मेपर्यंत. जणू पावसानंही निविदेवर सही केली आहे!

इथे एक शंका येते, आणि ती योग्य आहे. ‘अहो सर, अंदाज चुकतात. लाल इशारा दिला आणि ऊन पडलं, असं कितीदा झालंय. त्यावर काम थांबवायचं?’

याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. समजा, स्लॅब ओतायचा दिवस पुढे ढकलला तर मजुरी आणि मिक्सरचं भाडं धरून वीस हजारांचं नुकसान. आणि ओतल्यावर पावसानं धुऊन नेला तर दोन लाखांचं. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रमाण पडलं एकास दहा. मग पावसाची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक असेल तर थांबणं शहाणपणाचं. म्हणजे दहापैकी आठ वेळा अंदाज ‘चुकला’ तरी थांबणाराच फायद्यात! अंदाज खरा की खोटा, हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. चुकीची किंमत किती आणि ती कोण देणार, हा खरा प्रश्न. अनिश्चितता म्हणजे अज्ञान नव्हे. दहा टक्के शक्यता हेही ज्ञानच आहे, फक्त ते वापरायला आधी हिशोब मांडलेला लागतो.

याचीच दुसरी बाजू संकल्पचित्रात, म्हणजे डिझाइनमध्ये असते. तिथे उद्याचा अंदाज कामाचा नाही, शंभर वर्षांची नोंद कामाची. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं ताशी ५० मिलिमीटरचा आग्रह धरला. २००५ आलं तेव्हा तो बराचसा कागदावरच होता. आणि ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग तर फारच फसवा. लोक समजतात, एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. तीस वर्षं टिकवायच्या बांधकामाच्या आयुष्यात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. चारात एक! मग तो आल्यावर ‘अभूतपूर्व’, ‘अनपेक्षित’, ‘दैवी आपत्ती’ हे शब्द आपण कोणत्या तोंडानं वापरतो? जे मोजून ठेवलं होतं ते अनपेक्षित कसं?

हे जमतच नाही असंही नाही. कोकण रेल्वेकडे पाहा. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीनं गाडी घसरली, पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. पुष्कळ माणसं गेली. आज त्या मार्गाला पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आहे, गाड्या सावकाश चालतात, घाटात गस्त असते. मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेना झालं की चालकानं वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, असा लेखी आदेश असतो. पानवलच्या उंच पुलावर, मांडवी, झुआरी, शरावतीच्या पुलांवर वारा मोजणारी यंत्रं बसवली आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या रेल्वे पुलांवर पाण्याची पातळी धोक्यापर्यंत गेल्याचा इशारा देणारी यंत्रणा आहे. इथे इशारा आणि कृती यांच्यामध्ये कुणाच्या मर्जीला जागाच ठेवलेली नाही. चालकाला तत्त्वज्ञ व्हावं लागत नाही, साहेबांना फोन करावा लागत नाही.

याच सावित्रीवर, महाडजवळ, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशकालीन रस्ता पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. तोच पाऊस, तीच नदी. रात्रीच्या काळोखात पूल नाहीसा झाला आहे, हे मागून येणाऱ्या वाहनाला सांगणारी कोणतीही व्यवस्था तिथे नव्हती. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, ही कौतुकाची गोष्ट. पण पूल बांधण्यात आपण जितके तत्पर, तितके पूल वेळेवर बंद करण्यात का नाही?

आमच्या मते कारण बुद्धीचं नाही, भीतीचं आहे. धरणाचं उदाहरण घ्या. १०५ टीएमसीचं कोयना धरण. जलाशय परिचालन सूची असते, कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचं ते ठरलेलं असतं. चार दिवसांनी अतिवृष्टीचा अंदाज आहे म्हणून अभियंत्यानं आधीच पाणी सोडलं आणि पाऊस हुकला, तर उन्हाळ्यात त्याला विचारणार, पाणी का वाया घालवलंस? आणि न सोडता पूर आला, तर म्हणणार, निसर्गापुढे कोणाचं चालतं! सोडलेलं पाणी दिसतं, टळलेला पूर दिसत नाही. कृती करणाऱ्याला जाब आणि न करणाऱ्याला दैवाची ढाल, अशी व्यवस्था असेल तर शहाणा माणूस काय करेल? काहीच करणार नाही. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. व्यवस्थेनंच त्याला ते शिकवलंय.

म्हणून आमचं मागणं तीन कलमांचं आहे, आणि त्यात नवं यंत्र एकही नाही. एक, प्रत्येक कामाच्या निविदेत एका पानाचा तक्ता असावा. पिवळ्याला काय, नारिंगीला काय, लालला काय, आणि ते कोणी करायचं. दोन, इशाऱ्यानुसार थांबवलेल्या दिवसांची मुदतवाढ कंत्राटदाराला आपोआप मिळावी आणि मजुरांची त्या दिवसांची मजुरी कामाच्या खर्चात धरावी. नाहीतर थांबण्याची किंमत सगळ्यात गरिबाच्या खिशातून जाईल आणि मग तोच म्हणेल, थांबू नका. तीन, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वागलेल्या शाखा अभियंत्याला पाऊस पडला नाही म्हणून जाब विचारू नये. विचारायचाच असेल तर तक्ता का पाळला नाही, हे विचारावं.

या तिसऱ्या कलमाला सर्वांत जास्त विरोध होईल, याची आम्हाला कल्पना आहे. कारण त्यात दैवाची ढाल काढून घेतली जाते, आणि ती फक्त अधिकाऱ्यांच्याच हातात असते असं नाही. इशारा दिल्यावर रस्ता बंद केला, पाऊस आला नाही, तर त्या अधिकाऱ्याची टिंगल कोण करतं? आपणच करतो ना? पूल बंद ठेवणाऱ्याला ‘उगाच लोकांचे हाल केले’ असं म्हणणारे आपणच. तेव्हा प्रवृत्ती सफल व्हायची असेल तर ती थोडी आपल्याकडूनही सुरू व्हावी लागेल.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न, विशेषतः सभागृहात कुणी अभियंते असतील तर त्यांचे आक्षेप, ऐकायला आवडेल.