नेम आणि प्रतिसाद : सातारा-सांगलीच्या चळवळींतील साधनारूपे

१

भक्ती आणि सामाजिक संघर्ष यांच्या संबंधाची मराठीतील चर्चा बहुतेक वेळा फलश्रुतीच्या अंगाने झाली आहे. न्या. रानडे यांनी संतांच्या कार्यात युरोपीय धर्मसुधारणेशी साम्य पाहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्याच संतांवर समाजाला निवृत्त आणि दुबळे केल्याचा ठपका ठेवला. गं. बा. सरदार यांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथात या दोन टोकांच्या मधली, इतिहासाचे भान राखणारी भूमिका घेतली. मतभेद तीव्र असले तरी तिघांचा प्रश्न एकच आहे : भक्तीमुळे समाजाच्या पदरात काय पडले? त्यामुळे दुसरा एक प्रश्न मागे राहिला. अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस पहिला आवेश ओसरल्यावर, पराभव पचवून, वीस-तीस वर्षे त्याच कामात कशाच्या बळावर टिकतो? हा प्रश्न वरकरणी समाजशास्त्राचा वाटतो. परंतु वाङ्मयीन रूपांच्या अभ्यासावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. ज्या साधनांनी माणसे टिकतात ती अभंग, कीर्तन, जलसा, पोवाडा, शपथ, दिंडी अशी मुख्यतः शब्दाची आणि प्रयोगाची साधने आहेत.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सातारा आणि सांगली यांच्याइतका सलग प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. त्यामुळे त्याआधीच्या चळवळींचा इतिहास मोठ्या प्रमाणात सामाईक आहे. सत्यशोधकांची चळवळ, १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकार, समन्यायी पाणीवाटपाचा लढा आणि अंधश्रद्धा निर्मूलन यांची कार्यक्रमपत्रिका वेगवेगळी आहे. त्यांतील काही ईश्वरनिष्ठ, काही मार्क्सवादी, तर काही विवेकवादी आहेत. तरीही ज्या रूपांनी त्यांनी आपल्या माणसांना बांधून ठेवले, त्या रूपांत एक साम्य आढळते. ते श्रद्धेच्या विषयात नाही, आचाराच्या घडणीत आहे. प्रस्तुत लेखात या घडणीला ‘नेम’ म्हटले आहे. नेमाला प्रतिसादाची जोड असते तेव्हाच तो संघर्षाला धारण करतो आणि ती तुटली की त्याचा विधी होतो, असे येथे प्रतिपादन आहे.

२

नेम म्हणजे ठरल्या काळी, ठरल्या रीतीने, इतरांच्या सोबतीने पुन्हा पुन्हा केलेली कृती. वारकरी परंपरेत तो तिथीला आणि वाटेला बांधलेला आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात आजची शिस्त दिली ती साताऱ्याजवळच्या आरफळ गावच्या हैबतबाबांनी. ते शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, भजनाची मालिका यांत फौजेच्या कूचाची जी व्यवस्था दिसते तिच्याशी या पूर्वायुष्याचा संबंध जोडला जातो. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. येथे वारकऱ्याच्या मनाची त्या दिवशीची अवस्था विचारली जात नाही. मन लागले असो वा नसो, चालणे आणि म्हणणे चालू राहते. भाव आधी आणि आचार मागाहून, हा क्रम येथे उलटलेला आहे. आचार भावाची वाट धरून ठेवतो. दीर्घकालीन संघर्षाला नेमका याच गुणाचा उपयोग होतो, कारण कार्यकर्त्याचा उत्साह रोज सारखा राहू शकत नाही.

आधुनिक मराठी समीक्षेला हा गुण सहसा दिसत नाही, याचे कारण तिच्या निकषांत आहे. नवकाव्योत्तर काळात अनन्यसाधारणता हे श्रेष्ठतेचे लक्षण ठरले. पुनरावृत्ती म्हणजे साचा अशी धारणा रूढ झाली. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत सौंदर्याचे मर्म पाहिले. परंतु ही लय कलाकृतीच्या अंतर्गत घटकांमधली आहे. ध्रुपदाची लय तिच्यापेक्षा वेगळी आहे. ती म्हणणारा आणि झेलकरी यांच्यामध्ये असते. त्याहीपुढे, या वर्षीचे म्हणणे आणि गेल्या वर्षीचे म्हणणे यांच्यामध्ये असते. संहितेच्या पानावर ती सापडत नाही. म्हणून चळवळीच्या गाण्यांना ‘प्रचारकी’ असे एक विशेषण लावून त्यांची बोळवण केली जाते. प्रचाराचा रोख न पटलेल्याकडे असतो. जे आधीच पटलेले आहेत ते तेच गाणे शंभराव्यांदा का म्हणतात, याचे स्पष्टीकरण त्या विशेषणाने होत नाही.

३

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीरावांनी पुरोहिताची मध्यस्थी नाकारली. परंतु गाणे आणि संस्कार यांची जागा मोकळी सोडली नाही. अभंगाच्या वळणावर त्यांनी ‘अखंड’ रचले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त जन्म, विवाह, मृत्यू या प्रसंगांच्या आचारांची चर्चा केली. त्यांच्या मंगलाष्टकांचे रूप या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. रूढ मंगलाष्टकांत वधूवर मुके असतात आणि बोलतो तो तिसराच. जोतीरावांच्या रचनेत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न उभा करते आणि वराला त्याचे उत्तर प्रतिज्ञेने द्यावे लागते. विवाहाचा नेम तोच राहतो. मात्र त्यात प्रश्न विचारण्याची जागा निर्माण होते आणि प्रत्येक नव्या विवाहात ती पुन्हा उघडते.

सत्यशोधक जलशाने हीच रीत तमाशाच्या बाबतीत वापरली. गण, गवळण, वग हा अनुक्रम राखून त्याने आशय पालटला. प्रेक्षकाला पुढे काय येणार हे ठाऊक असते. त्यामुळे जे बदलले आहे ते त्याच्या कानाला तत्काळ जाणवते. १९१९ ते १९२१ या काळात साताऱ्यात कुळांनी जमीनदार-सावकारांविरुद्ध जे बंड केले, त्याची मानसिक पूर्वतयारी निव्वळ व्याख्यानांनी झाली असेल असे मानणे कठीण आहे. गावोगाव आणि हंगामाहंगामाला पुन्हा पाहिलेल्या जलशाचा त्यात मोठा वाटा होता.

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने हा वारसा भूमिगत अवस्थेत चालवला. तुफान सेनेच्या धाडसी कृत्यांना, विशेषतः जून १९४३ च्या शेणोली येथील रेल्वे लुटीसारख्या प्रसंगांना, इतिहासलेखनात आणि लोकस्मृतीत मोठे स्थान मिळाले. ते स्वाभाविक आहे. परंतु अशी कृत्ये वर्षातून मोजकीच होतात. मधल्या काळात लोकांना चळवळीशी जोडून ठेवले ते गावोगावच्या न्यायदानाने, शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांच्या पोवाड्यांनी आणि हुंडा व डामडौल टाळून लावलेल्या ‘गांधी विवाहां’नी. गांधी विवाहाचे नाव गांधींचे असले तरी त्याचे रूप सत्यशोधक विवाहाच्या शेजारचे आहे. राजद्रोहाच्या छायेत लग्नासारखा घरगुती संस्कार साजरा होणे, यात राजकारण घराच्या नेमात उतरल्याची खूण दिसते.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचे वाचनही या अंगाने व्हायला हवे. तिच्यावर स्वच्छंदतावादी वीरकथेचा शिक्का बसला आहे. परंतु तिचा आरंभ एका विधीतून होतो. राणोजी जोगणी आपल्या गावात आणतो आणि त्यासाठी प्राण देतो. गावाला यात्रेचा मान मिळतो. त्यानंतर दरवर्षीची यात्रा हे राणोजीचे स्मरण ठरते आणि त्याच्या मुलावर एक ऋण ठेवते. फकिराचे शौर्य व्यक्तिस्वभावातून जेवढे येते तेवढेच या वार्षिक स्मरणातून येते. अण्णा भाऊंनी आपल्या लोकनाट्यांत गणपतीच्या गणाऐवजी मातृभूमी, श्रमिक आणि हुतात्मे यांना वंदन केले, तेही याच जाणिवेतून. मार्क्सवादी असलेल्या या कलावंताने देवता बदलली. वंदनाची जागा मात्र रद्द केली नाही.

हे सातारा-सांगलीपुरते मर्यादित नाही. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. रोजची पायपीट आणि चर्चमधल्या सभांतील सामुदायिक गायन ही त्याची दोन अंगे होती. दोन्ही ठिकाणी जुन्या भक्तिगीतांचे वळण संघर्षाच्या कामी आले.

४

एवढ्यावर थांबल्यास नेमाचे अवाजवी गौरवीकरण होईल. नेम टिकवतो, पण काय टिकवतो, याबाबत तो स्वतः उदासीन असतो. इरावती कर्वे यांनी वारीवरील आपल्या लेखात एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा यांच्या वेगळ्या पंगतींची नोंद केली आहे. वाटेवर एक झालेला कंठ जेवताना विभागला जात होता आणि दरवर्षीच्या पुनरावृत्तीने ती विभागणीही तितकीच पक्की होत होती. म्हणजे ज्या घडणीने संघर्षाला बळ मिळते, तीच घडण अन्यायालाही बळ देऊ शकते. मग भेद कशात आहे?

गाडगेबाबांच्या कीर्तनात याचे उत्तर सापडते. त्यांच्या कीर्तनाचा साचा जवळजवळ अपरिवर्तनीय होता. आधी हातात खराटा घेऊन गावाची झाडलोट, मग रात्री कीर्तन. विषयही तेच : कर्ज, दारू, नवस, पशुबळी, शिक्षण. परंतु या साच्याच्या गाभ्याशी श्रोत्यांना विचारलेले प्रश्न होते. श्रोता उत्तर देतो, बाबा त्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारतात, आणि निष्कर्ष श्रोत्याच्याच तोंडून निघतो. नारदीय कीर्तनात श्रोत्याचा प्रतिसाद जयघोषात सामावतो. येथे तो विचाराचा वाहक होतो. त्यामुळे कीर्तन तेच असूनही प्रत्येक गावात ते वेगळे घडत असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेशी बाबांचा जो स्नेह जडला, ज्याची खूण म्हणून १९५४ मध्ये कऱ्हाडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले, तो या दृष्टीने योगायोग नाही. उत्तर देऊ लागलेल्या श्रोत्याची पुढची पायरी शाळा हीच होती.

म्हणून नेमाची कसोटी प्रतिसादात आहे. ज्या पुनरावृत्तीत ऐकणाऱ्याला उत्तर देण्याचा, प्रसंगी उलट प्रश्न करण्याचा अधिकार असतो, ती जिवंत राहते. हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी जेव्हा व्यासपीठावरचेच बोलतात आणि समोरचे ऐकून परततात, तेव्हा तिथी पाळली जाते, पण नेम संपलेला असतो.

५

अलीकडच्या तीन प्रसंगांवर ही कसोटी लावून पाहता येईल.

पहिला प्रसंग येरळा नदीचा. खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी-बलवडी येथे ऐंशीच्या दशकात दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांनी ‘बळीराजा स्मृती धरण’ बांधले. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबावर ठरावा आणि भूमिहीनांनाही तो मिळावा, हे त्यामागचे तत्त्व. धरणाच्या नावात दोन नेम एकत्र आले आहेत : दिवाळीत ओवाळताना बायकांनी पिढ्यानपिढ्या मागितलेले बळीचे राज्य आणि ‘गुलामगिरी’त (१८७३) जोतीरावांनी त्या बळीला दिलेला नवा अर्थ. मागण्याला येथे पाण्याच्या हिशोबाने उत्तर दिले गेले. घरातली ओवाळणी सार्वजनिक कराराच्या भाषेत बोलू लागली.

दुसरा प्रसंग पंढरपूरचा. पण त्याची मुळे कासेगावात आहेत. प्रतिसरकारात काम केलेल्या बाबुजी पाटणकर यांची १९५२ मध्ये हत्या झाली. इंदुताई पाटणकर त्यानंतरही, २०१७ मध्ये निधन होईपर्यंत, सार्वजनिक कामात राहिल्या. परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांचा लढा हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. त्यांचे पुत्र भारत पाटणकर आणि स्नुषा गेल ऑम्व्हेट यांनी श्रमिक मुक्ती दलाच्या कामासोबत तुकोबांचे अभंग इंग्रजीत आणले. विठ्ठल मंदिरातील बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत अधिकाराविरुद्धच्या आंदोलनात पाटणकर अग्रभागी होते. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते अधिकार संपुष्टात आले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले. मार्क्स-फुले-आंबेडकरवादी म्हणवणाऱ्या संघटनेने विठ्ठलाच्या दारात लढावे, यात काहींना विसंगती दिसली. परंतु हा लढा नेमाच्या विषयाचा नव्हता. नेमात कोणाला बोलण्याचा अधिकार आहे, याचा होता.

तिसरा प्रसंग कसोटीला सर्वांत अवघड आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि कायदा त्या वर्षाच्या डिसेंबरात संमत झाला. त्यांच्या विवेकवादाला ‘आध्यात्मिक’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. तरीही त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्येनंतर जे केले ते नजरेआड करता येत नाही. दर महिन्याच्या २० तारखेला ते हत्येच्या जागी, विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, जमत राहिले. गाणी म्हटली, निर्धार उच्चारला, आणि मारेकऱ्यांमागचे सूत्रधार कोण, हा प्रश्न पुन्हा विचारला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले. सूत्रधारांविषयीचा प्रश्न त्याने मिटला नाही. तिथी, जागा, सामुदायिक उच्चार ही तिन्ही वारीची अंगे येथे आहेत, दैवत नाही. दैवताच्या जागी एक अनुत्तरित प्रश्न आहे. नेमाला परलोकाचा आधार लागतोच असे नाही, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण.

६

या विवेचनातून समीक्षेसाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. चळवळीच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना आशयाची पुरोगामिता किंवा अभिव्यक्तीची नवता, एवढेच निकष अपुरे आहेत. ही रचना पुन्हा म्हणता येते का, कोणाकोणाला म्हणता येते, म्हणताना तिच्यात कोणती भर पडते, हे प्रश्न तितकेच वाङ्मयीन आहेत. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) चर्चिलेल्या लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांपैकी एकावर ही रूपे बसवता येत नाहीत. ती लौकिक हेतूसाठी असतात, पण त्यांची पुनरावृत्ती त्या हेतूच्या तात्कालिक सफलतेवर अवलंबून नसते.

दुसरी गोष्ट अभ्यासपद्धतीची आहे. जलशांच्या आणि पोवाड्यांच्या छापील पुस्तिकांत मुख्य गायकाचे शब्द असतात. झेलकऱ्यांचे, सोंगाड्याचे आणि मध्येच उठून बोलणाऱ्या श्रोत्याचे शब्द क्वचितच असतात. संशोधन संहितेपुरते थांबले तर नेम हाती लागेल आणि प्रतिसाद निसटेल. ज्यांनी जलसे पाहिले, दिंड्यांत आणि ठिय्यांत झेल धरला, त्यांच्या आठवणी नोंदवताना ‘कोणते गाणे होते’ याबरोबर ‘त्यावर कोण काय म्हणाले’ हेही विचारले पाहिजे. त्यांतील स्त्रियांना तर अगोदर विचारले पाहिजे, कारण उत्तर देण्याची जागा त्यांना सर्वांत उशिरा मिळाली.