आडनाव न विचारणारे गाणे

आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींना कोरियन गाण्यांचे वेड लागले आहे, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. संस्कृतिरक्षक म्हणतात, मराठी बुडाली. आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठ म्हणतात, हे भांडवलशाहीचे खूळ आहे. आंबेडकरी तरुणाला त्याच्याशी काय कर्तव्य? दोघांच्या तक्रारी वेगळ्या असल्या तरी एक प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. ज्या मुलीला कोरियन भाषेतील चार शब्दही धड कळत नाहीत, ती त्या गाण्यात नेमके काय शोधते? प्रस्तुत लेखात मला त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तो दलित साहित्याने आपल्याला दिलेल्या दृष्टीने करावयाचा आहे.

मी वाघोलीत राहते आणि मराठी शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आई खाणीवर खडी फोडायची. नगर रस्त्यावरचे हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. एकीकडे दगडखाणी आणि खडीवाल्यांच्या वस्त्या, दुसरीकडे उंचच उंच गृहसंकुले, असे त्याचे आजचे रूप आहे. याच रस्त्याने पुढे गेले की पेरणे फाट्याजवळ भीमाकाठी जयस्तंभ लागतो, आणि आणखी पुढे रांजणगावला एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना लागतो. म्हणजे कोरिया आमच्या रस्त्यावर गाणी घेऊन नव्हे, फ्रिज आणि दूरदर्शन संच घेऊन आधी आला. माझ्या विद्यार्थ्यांचे भाऊ त्या पट्ट्यात कंत्राटी कामाला जातात, आणि बहिणी रात्री मोबाइलवर बीटीएस आणि ब्लॅकपिंक ऐकतात.

एकदा वर्गात मी विचारले, या गाण्यांत तुम्हाला एवढे काय सापडते? कुणी नाच म्हणाले, कुणी कपडे म्हणाले. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, तिथं आडनाव कळत नाही.’

हे वाक्य मला पुष्कळशा समीक्षाग्रंथांहून मोलाचे वाटते. आपल्या वस्तीतली मुलगी स्नेहसंमेलनात लावणी नाचली तर सभागृह तिच्या नाचाच्या आधी तिची जात पाहते. ती भावगीत म्हणू लागली तर तिचा ‘न’ आणि ‘ण’ तपासला जातो. शास्त्रीय संगीताकडे वळली तर घराणे विचारले जाते, आणि तिचे घराणे तर खाणीवरचे. मराठी कलेचा एकही दरवाजा असा नाही की जिथे तिला आधी आपली ओळख द्यावी लागत नाही. कोरियन गाण्यापुढे मात्र देशपांडे, पाटील आणि कांबळे सारखेच अडाणी असतात. उच्चार सगळ्यांचेच चुकतात. समतेचा हा अनुभव तिला येथील समाजाने दिलेला नाही, परक्या भाषेने दिला आहे. वाघोलीत भाड्याची खोली शोधताना ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे आणि नाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’ हे उत्तरही ऐकले आहे. तेव्हा त्या मुलीला खुळी म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

पण समीक्षकाने इथेच थांबून चालणार नाही. त्या गाण्याच्या देशात आडनाव खरोखरच काही सांगत नाही काय? आणि नसेल, तर ते कसे घडले?

बीटीएसमधील सातांपैकी तिघे किम आहेत. आजच्या दक्षिण कोरियात किम, ली आणि पार्क या तीनच आडनावांत सुमारे ४५ टक्के लोक येतात. हे सारे एका रक्ताचे नव्हेत. जुन्या चोसोन राजवटीत वरच्या यांगबान वर्गाला आडनाव आणि वंशावळ असे. गुलामांना आणि हीन मानलेल्या जातींना बहुधा आडनावच नसे. पुढे वंशावळी विकत घेतल्या गेल्या, आणि १९०९च्या कुटुंबनोंदणी कायद्याने प्रत्येकाला आडनाव घेणे भाग पडले. तेव्हा ज्यांना नाव नव्हते त्यांनी मोठ्यांची नावे घेतली. आज किम म्हटल्यावर राजाचा वंशज की गुलामाचा, हे कुणाला सांगता येत नाही.

या नाव नसलेल्यांत एक समाज होता बेकजोंग. जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. आपल्याकडे ढोर, चांभार आणि बुरूड यांच्यात वाटलेली कामे तिथे एका जातीच्या माथी होती. त्यांनी गावाबाहेर राहावे, रेशीम अंगाला लावू नये, प्रतिष्ठितांची टोपी घालू नये, दुसऱ्याच्या पोराशीसुद्धा नम्रपणे बोलावे, असे दंडक होते. त्यांच्या नावाची कथा तर आपल्या फारच ओळखीची आहे. १४२३ साली राजा सेजोंगने या लोकांना ‘बेकजोंग’ हे नाव दिले. त्या शब्दाचा तोवरचा अर्थ सामान्य प्रजाजन एवढाच होता. झाले काय? सामान्य प्रजेने ते नाव टाकून दिले आणि तोच शब्द शिवी होऊन बसला. वरून दिलेल्या गोड नावाचे काय होते हे ‘हरिजन’ शब्दाने आपल्याला शिकवले. कोरियाने तो धडा पाच शतके आधी गिरवला होता. आपल्या मुली आज जी कोरियन लिपी हौसेने शिकतात ती याच राजाची देणगी आहे.

१८९४च्या सुधारणांनी कायद्यातला भेद गेला, व्यवहारातला गेला नाही. १९०९ साली चिंजू शहरात ख्रिस्ती मिशनऱ्याने बेकजोंगांना प्रार्थनेला शेजारी बसवले, तर इतर भाविक उठून गेले. कुटुंबनोंदीत बेकजोंगांच्या नावापुढे जातीची खूण राही. चांग जी-पिल नावाचा बेकजोंग तरुण जपानात कायदा शिकून आला. पण सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या नोंदीत ‘कसाई’ हा शेरा होता आणि नोकरीची वाट तिथेच बंद झाली. परदेशी पदवी हाती असूनही बडोद्यात बाबासाहेबांच्या वाट्याला काय आले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना चांग परका वाटणार नाही. एप्रिल १९२३ मध्ये याच चिंजूत चांग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्योंगप्योंग-सा ही संघटना उभारली. या नावात तराजू आहे. मांस तोलणाऱ्या माणसांनी आपल्याच धंद्यातला तराजू उचलून त्याला समतेचा अर्थ दिला. आदल्याच वर्षी जपानातील अस्पृश्यांनी सुइहेइशा स्थापन केली होती, आणि चारच वर्षांनी आपण महाडच्या तळ्यावर गेलो. एका दशकात आशियाच्या तीन टोकांना एकच माणूस उठून उभा राहिला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची एक ओळ नाही.

त्यानंतर कोरियात जपानी सत्तेचा काळ, १९५०चे जमीनवाटप, १९५० ते ५३चे युद्ध आणि शहरांकडे लोटलेली माणसे, या सर्वांत जुनी गावे विस्कटली. कुणाचा आजा कोण, हे सांगणारा शेजारीच उरला नाही. बेकजोंग किम झाले, पार्क झाले आणि गर्दीत मिसळले. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३च्या कथासंग्रहाचे नाव इथे आठवते. आपल्याकडे जात चोरणारा एकटा असतो आणि पकडला जातो. कोरियात एका संपूर्ण समाजाने जात चोरली आणि ती चोरी पचली.

यात मिळवले ते थोडे नाही. नातवाला खोली मिळाली, नोकरी मिळाली, शाळेत वेगळे बसावे लागले नाही. जे आपल्याला अजून मिळालेले नाही ते त्यांना मिळाले, हे आधी मान्य केले पाहिजे. पण गमावले काय, हे पाहायचे असेल तर ज्या मालिका आपली मुले आवडीने पाहतात त्यांकडेच वळावे लागेल.

२००३ची ‘दे जांग गुम’ ही मालिका ‘घर का चिराग’ या नावाने आपल्या दूरदर्शनवरही आली होती. तिच्या नायिकेचे आईबाप जीव वाचवण्यासाठी बेकजोंग म्हणून लपून राहतात. लहानग्या जांग-गुमला त्या जातीचे चटके बसतात. पण शेवटी ती जगाला ओरडून सांगते ते काय? तर माझे वडील बेकजोंग नाहीत, राजाचे सैनिक आहेत. प्रेक्षकाची सहानुभूती जातिभेदाच्या अन्यायाकडे जात नाही. चुकून खाली पडलेल्या वरच्या माणसाकडे जाते. कर्णाच्या कथेवर आपण आजवर जो आक्षेप घेतला तोच इथे लागू पडतो. सूतपुत्राचा अपमान म्हणून आपण रडतो, आणि कवी हळूच सांगतो की तो सूतपुत्र नव्हताच.

२०१८ची ‘मिस्टर सनशाइन’ अधिक प्रामाणिक आहे. तिचा नायक यूजिन गुलामाच्या पोटी जन्मलेला, आणि गू दोंग-मे खराखुरा बेकजोंग. त्याच्या लहानपणीची विटंबना ज्या निर्दयपणे दाखवली आहे तिला मी कमी लेखत नाही. पण पुढे या माणसाचे लेखिका काय करते? तो जपान्यांची तलवार हाती घेतो, यांगबान घराण्यातल्या नायिकेवर मूक प्रेम करतो आणि अखेर मरतो. त्याच्या क्रोधाला समाज नाही, सोबती नाहीत, विचार नाही. आहे ती फक्त एका उच्चकुलीन स्त्रीविषयीची कृतज्ञता, कारण बालपणी तिने त्याला आपल्या पालखीत लपवले होते. चिंजूची संघटना या कथेच्या काळानंतर अवघ्या पंधरा-वीस वर्षांत उभी राहिली. जी माणसे तराजू हाती घेऊन उभी राहिली ती आकाशातून पडली नव्हती. ती दोंग-मेच्याच पिढीत वाढत होती. पण मालिकेला संघटित बेकजोंग नको असतो, एकाकी आणि देखणा बेकजोंग हवा असतो. आपल्या पांढरपेशा साहित्यातला ‘बिचारा’ अस्पृश्य याहून वेगळा होता काय?

असे का होते, याचे उत्तर त्या चोरीत आहे. बेकजोंग बंडखोर इम कोक-जोंगवर १९२८पासून मोठी कादंबरी लिहिणारा होंग म्योंग-हुई हा यांगबान घराण्यातला होता. बेकजोंगाच्या नातवाने ‘मी’ म्हणून लिहिलेले ‘बलुतं’ कोरियन साहित्यात उभे राहिलेले दिसत नाही. जात सांगणारा कुणी उरला नाही, म्हणून जातीचे चित्र चुकले आहे असे सांगणाराही उरला नाही. ज्यांची वेदना पडद्यावर विकली जाते त्यांचे वारस प्रेक्षागृहात बसलेले असतील; पण तेही स्वतःला ओळखत नाहीत.

विकली जाते, हा शब्द मी मुद्दाम वापरला. कोरियन लाट हा चमत्कार नाही. १९९९ साली त्या सरकारने सांस्कृतिक उद्योगांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यामागे पैसा उभा केला. कंपन्यांनी कोवळ्या वयाची मुले प्रशिक्षणाला घेतली आणि लांबलचक करारांत बांधली. २००९ साली टीव्हीएक्सक्यू या गटातील तिघे तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा कुठे सात वर्षांची मर्यादा आली. नारायणगावच्या राहुट्यांत ‘उचल’ घेऊन हंगामभर बांधली जाणारी तमाशातली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या झगमगाटाखालचा हिशेब लगेच समजेल. शिवाय जिथे आडनाव दिसत नाही तिथे कातडी दिसते. तुकतुकीत गोरेपणाचा जो बाजार या गाण्यांबरोबर आला आहे, तो आमच्या सावळ्या मुलींना नव्या वर्णव्यवस्थेत पुन्हा तळालाच बसवतो.

दुसऱ्या बाजूला आपले गाणे आहे. आंबेडकरी जलशापासून वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमपांपर्यंत ते कुठल्या कायद्याविना, कुठल्या कंपनीविना लाखोंपर्यंत पोचले. दर १ जानेवारीला ते आमच्या वाघोलीवरून जयस्तंभाकडे जाते. हे गाणे आडनाव लपवत नाही. ज्या नावाची लाज वाटावी म्हणून हजार वर्षे खटपट झाली, तेच नाव ते भर रस्त्यात मोठ्याने घेते. कोरियन गाणे मुलीला घटकाभर जातीतून सुटका देते. भीमगीत तिला जातीशी लढण्याचे बळ देते. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दमून आलेल्या मुलीला पहिल्याचीही गरज असते, हे आपल्या ज्येष्ठांनी समजून घ्यावे.

२०२५ साली बीटीएसच्या हाइब कंपनीने मुंबईत शाखा काढली. उद्या येथील मुलामुलींतून गायक निवडले जातील. तेव्हा वस्तीतली मुलगी त्या रांगेत असेल काय, आणि असेल तर तिला नाव बदलायला सांगितले जाईल काय, यावर आपले लक्ष हवे. आणि ज्या मुली एवढ्या निष्ठेने कोरियन शिकत आहेत, त्यांच्यापुढे मी एक काम ठेवते. गाण्यांचे अर्थ लावून झाले की त्यांपैकी कुणीतरी चिंजूच्या त्या माणसांची पत्रके आणि त्यांचा इतिहास थेट कोरियनमधून मराठीत आणावा. कोरियात ज्यांची नावे घ्यायला कुणी वारस पुढे येत नाही, त्यांची नावे महाराष्ट्रात घेतली गेली पाहिजेत.