गिटार, अँप आणि मधली हवा

आपल्याकडे क्वीन म्हटलं की पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आधी आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण या बँडच्या दौऱ्यांचा आवाज घडला तो ब्रायन मेच्या गळ्यातल्या एका तांबूस गिटारवर. मोजकी गाणी सोडली तर पन्नास वर्षांहून अधिक काळ तो मंचावर हीच ‘रेड स्पेशल’ वाजवत आला आहे.

चांगली गिटार विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून १९६३ साली शाळकरी ब्रायनने वडील हॅरोल्ड यांच्यासोबत ती घरीच बनवायला घेतली. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची, मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. ही हकिगत इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्या गोडव्यात मूळ कारागिरीच झाकली गेली. दौऱ्यावरच्या गिटारला सर्वांत जास्त छळतं ते घर्षण. ट्रेमोलोचा दांडा दाबला की तारा सैल होतात, सोडला की पुन्हा ताणल्या जातात; वाटेत कुठे अडकल्या की गिटार बेसूर. बापलेकांनी ट्रेमोलो पोलादी धारेवर तोलला, ताण सांभाळायला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या आणि ब्रिजवर तारांखाली हाताने घडवलेली बारीक चाकं बसवली. हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते, आणि ते या गिटारच्या प्रत्येक सांध्यात दिसतं.

त्याहून मोलाच्या वाटतात त्या लाकडात मुद्दाम, फीडबॅकसाठी ठेवलेल्या पोकळ्या. फीडबॅक म्हणजे अँपमधून निघालेला आवाज हवेतून परत येऊन तारेला कंप देतो, आणि स्वर विझण्याऐवजी वाढत जातो. बहुतेकांच्या लेखी तो दोष होता. मे पितापुत्रांना तो हवाच होता. फक्त हाताच्या ताब्यात हवा होता. त्यापायी ब्रायनने तारांचे कंप टिपणाऱ्या विकतच्या तीन बर्न्स पिकअपमध्ये अ‍ॅरल्डाइट ओतून त्यांची नको ती किंचाळी बंद केली. तिन्ही पिकअपना चालू-बंदची आणि फेज उलटवायची वेगवेगळी बटणं दिली, त्यामुळे एकाच वाद्यातून सनईसारखा टोकदार आणि चेलोसारखा भरदार असे दोन्ही आवाज निघतात. प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं. त्याची दातेरी कड तारेवर घासून प्रत्येक स्वराला एक खरखर येते. समोर तीस वॅटचा व्हॉक्स एसी३० पूर्ण उघडलेला, आणि आवाज स्वच्छ हवा असेल तेव्हा गिटारवरचंच बटण खाली.

आता आजचे दौरे पाहू. २०१३च्या डिसेंबरमध्ये मेटॅलिका या बँडने अंटार्क्टिकावर, पर्यावरणाला धक्का नको म्हणून, मंचावर अँप न ठेवता मैफल केली. श्रोत्यांनी ती हेडफोनवर ऐकली. तिथे ती गरज होती. पण अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या पेट्या आज लहानमोठ्या बँडांच्या नेहमीच्या सामानात आल्या आहेत. त्यांचे फायदे खरे आहेत: वाहतुकीचं वजन घटतं, प्रत्येक शहरात तोच आवाज मिळतो, वादकांचे कान वाचतात. आवाजाचे रंगही वाढले आहेत: यू२ बँडचा गिटारवादक एज गाण्यागणिक गिटार बदलतो, आणि त्याच्या संगीताला ते शोभतं, कारण त्याचं गाणं मुळात प्रतिध्वनीच्या रचनेवर उभं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. रंग वाढले, पण अंतर हरवलं. गिटार आणि अँप यांच्यातली चार-सहा फुटांची हवा हा वाद्याचाच भाग होता. वादकाच्या कानातल्या इअरफोनमध्ये ती हवा नसते. पेटीने टिपलेला अँप वादकाचं ऐकतो, पण तारेला उलट हलवत नाही. म्हणून आज कितीतरी मैफलींत लांबलेला स्वर निर्दोष असतो आणि तरी मेलेला वाटतो.

रेड स्पेशलच्या प्रतिकृतीही झाल्या. ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने तिच्या तीन प्रती घडवल्या आणि १९९८मध्ये मूळ गिटारची डागडुजी केली. लाकूड, स्प्रिंगा, पिकअप, सगळं मोजता येतं. जे मोजता येत नाही ते मंचावर पाहावं: स्वर लांबवायचा असला की ब्रायन अँपकडे वळतो, पाऊलभर मागे सरकतो, थांबतो, अर्धं पाऊल पुढे येतो आणि तार आपणहून गायला लागते.